डिशवॉशर गळतोय? आधी घड्याळ बघा, मग पाना उचला

लातुरात राहून डिशवॉशर घेतला असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अन् पाणी कुठून आणता वो त्याला?" विचारणाऱ्याची चूक नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आलं ते याच गावात. पण हिशेब लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. घरातला साधा डिशवॉशर एका फेरीत साधारण दहा-बारा लिटर पाण्यात दिवसभराची भांडी काढतो. तीच भांडी वाहत्या नळाखाली घासून बघा, बादल्या मोजता मोजता दमाल. म्हणून तर हे मशीन गळायला लागलं की जीव जास्तच जळतो. फरशीवर दिसणारं पाणी टँकरचं असतं आणि त्याचे पैसे मोजलेले असतात.

मागच्या उन्हाळ्यात आमचं मशीन गळायला लागलं तेव्हा मी चार दिवस चुकीच्या जागी शोधत बसलो. थारोळं डाव्या पायापाशी दिसायचं, म्हणून मी डावी बाजू खोलली, दाराचं रबर धुतलं, मशीन सरकवलं, पाय खालीवर केले. गळत होतं उजवीकडे मागे. आपल्याकडे मोरीला किंवा वॉशिंगच्या जागेला फरशी घालताना जाळीकडे उतार देतात, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पाणी उजवीकडून निघायचं, मशीनखालून उताराने वाहत डाव्या पायापाशी येऊन थांबायचं. गळतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. त्यामुळे नवख्या माणसाने "कुठे" हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि पाणी "कधी" येतं ते आधी शोधावं. त्यावरून निम्मं उत्तर मिळतं.

हात लावण्याआधी

भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लगही काढा. नुसतं मशीनचं बटण दाबून भागत नाही. आतला हीटर दोन हजार वॉटच्या आसपासचा असतो, म्हणून याला १६ अँपियरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं. प्लग किंवा एक्स्टेंशनचा बोर्ड ओल्या फरशीवर पडला असेल तर त्याला हात न लावता आधी मेन बोर्डावरचा एमसीबी पाडा. मशीन चालू झालं की घरातला ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर हा लेख इथेच बंद करून मेकॅनिकला फोन करा. पाणी हीटरपर्यंत नाहीतर वायरिंगपर्यंत पोचलेलं असू शकतं आणि ते घरी करायचं काम नाही.

मग मशीनमागचा अँगल कॉक बंद करा. तो फिरतच नसेल, तर आपल्या भागात त्याचं नवल वाटून घेऊ नका. बोरच्या जड पाण्याने कॉक वर्षभरात जाम होतात. जोर लावून तो मोडला तर गळक्या डिशवॉशरऐवजी कारंजं होईल. सरळ गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.

वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू खोलू नका. या लेखात पुढे दिलेली पेपर-घड्याळाची पाहणी मात्र बिनधास्त करा, तिला स्क्रू लागत नाही.

गळती आहे का, हे आधी ठरवा

गरम फेरी संपताच दार उघडलं की वाफ ओट्याच्या खालच्या बाजूला लागते आणि थेंब पडतात. ही गळती नव्हे. आत तळाशी, जाळीखाली थोडं पाणी कायम असतं, तेही तसंच असायला हवं. आमच्या शेजारच्या काकूंनी ते पाणी रोज फडक्याने टिपून काढायचा नेम धरला होता. असं करायची काही गरज नाही.

पेपर, पेन्सिल आणि घड्याळ

आता मुख्य काम. फरशी खडखडीत कोरडी पुसा. मशीनखाली जेवढा सरकेल तेवढा जुना पेपर सरकवा, पुढे दारापाशी पसरा, मागेही पसरा. कागदाला पहिला थेंब जिथे लागतो तिथला डाग उताराला फसत नाही. मशीन रिकामं ठेवा, सगळ्यात छोटा प्रोग्राम लावा, पाटावर बसा आणि टॉर्च हातात घ्या. आवाज ऐका. पहिली दोन-तीन मिनिटं पाणी आत येतानाचा सूं सूं आवाज असतो. मग पाण्याचे फवारे आतल्या भिंतींवर आदळल्याचा. मग खळखळ करत पाणी बाहेर फेकल्याचा. पाणी कोणत्या आवाजाला दिसलं ते लिहून ठेवा.

भरतानाच दिसलं तर दोष नळापासून मशीनपर्यंतच्या रस्त्यात आहे. धुताना दिसलं तर दार, फेस, फवारा किंवा पंप. बाहेर फेकताना दिसलं तर ड्रेनचा पाइप. आणि मशीन बंद असताना, रात्रीतून पाणी साचत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, नीट मिटत नाही.

तरी शंका राहिली तर आणखी एक युक्ती आहे. पाणी भरून झालं, फवारे सुरू झाले की मशीन थांबवा, दार सावकाश उघडा आणि तळाच्या पाण्यात जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाका. दार लावून पुढे चालू करा. बाहेर आलेलं पाणी रंगीत असेल तर ते आतलं, धुण्याचं पाणी आहे. स्वच्छ असेल तर ते थेट नळाकडून येतंय. रंग म्हणून हळद मात्र घालू नका, आतले प्लास्टिकचे भाग पिवळे होतील आणि घरातले तुम्हाला वर्षभर ऐकवतील.

भरतानाची गळती

आमचं दुखणं हेच होतं. आमचं मशीन दुसऱ्या मजल्यावर आणि टाकी त्याच्या वरच्या गच्चीत. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर एक बारच्या आसपास दाब मिळतो. आमच्या टाकीची उंची तीन-चार मीटर, म्हणजे दाब जेमतेम ०.३ ते ०.४ बार. त्यावर मशीन रडतखडत भरायचं, म्हणून प्रेशर पंप बसवला. मशीन झकास भरू लागलं आणि बरोबर त्याच आठवड्यात फरशी ओली दिसू लागली. पंपाचा दाब आला की होसच्या नटातून थेंब, पंप थांबला की थेंबही बंद. आत होतं काय, तर रुपयाएवढा एक रबरी वायसर, दबून पापडासारखा सपाट झालेला.

दुरुस्ती अशी करा. पाणी बंद करून होसखाली तगारी धरा आणि नट हाताने खोला. घट्ट असेल तर सुरुवातीला पक्कड चालेल, मध्ये फडकं धरा. आतला वायसर नखाने काढा. चपटा, कडक किंवा चिरलेला असेल तर नवा घाला. नट हाताने पूर्ण आवळा, वर पक्कडीने जेमतेम पाव आटा. त्याहून जास्त आवळला की प्लास्टिकचा नट चिरतो आणि पुढच्या गळतीची सोय आपणच करून ठेवतो. आता टेफलॉन टेपचं. आपल्याकडे कुठलीही गळती दिसली की दहा वेढे टेप गुंडाळायची सवय आहे. या नटात पाणी अडवतो तो वायसर, आटे नव्हेत. तिथे टेप गुंडाळून उपयोग शून्य. टेप लागते ती कॉक भिंतीतल्या पाइपात बसवताना, त्या आट्यांवर.

वायसर काढलाच आहे तर मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळीही बघा. टँकरच्या पाण्याची माती, टाकीचा गाळ, बोरचे खडे सगळं तिथे अडकतं. जुन्या टूथब्रशने घासून धुवा. काही होसना नळाकडच्या टोकाला जाड प्लास्टिकचा डबा असतो. ती गळती अडवणारी सुरक्षा यंत्रणा आहे आणि कित्येकदा त्यात विजेचा व्हॉल्व्ह असतो. असा होस कापू नका, लांब करायला जाऊ नका आणि तो डबा पाण्यात बुडवू नका.

धुतानाची गळती

इथे कारणं जास्त आहेत, आणि बहुतेक बिघाड नसतातच, आपल्या सवयी असतात.

पहिला संशय फेसावर घ्या. बीडहून आमची आत्या आली होती. सकाळी लवकर उठून, मदत म्हणून, तिने भांडी घासायचं हिरवं लिक्विड डिशवॉशरच्या कप्प्यात भरलं. मी उठलो तेव्हा दाराखालून फेसाची जीभ बाहेर आली होती आणि आत्या म्हणत होती, "अरे, हे तर उतू जाऊ लागलंय!" डिशवॉशरची पावडर किंवा टॅब्लेट मुद्दाम कमी फेसाची केलेली असते. हातानं घासायचं लिक्विड तिथे चालत नाही, दोन थेंबही नाही. असं झालं तर प्रोग्राम रद्द करून पाणी बाहेर काढा, जमेल तेवढा फेस मगाने उपसा, कपभर पांढरा व्हिनेगर आत ओता, पुन्हा पाणी काढा आणि साध्या पाण्याची एक फेरी चालवा. फेस पुन्हा दिसला तर पुन्हा तेच. चकाकीसाठीचं रिन्स एड भरताना सांडलं तरी असाच फेस येतो, सांडलेलं तेव्हाच पुसा.

दुसरं, भांडी कशी लावली ते बघा. आपली भांडी परदेशी थाळ्यांसारखी गुणी नसतात. परात, तवा, पसरट कढई दाराकडच्या बाजूला उभी केली की फवारा तिच्यावर आपटून थेट दाराच्या खालच्या फटीवर येतो, आणि रबर कितीही चांगलं असलं तरी तिथून पाणी निसटतं. मोठं भांडं मागे, तोंड खाली करून ठेवा. दार लावण्याआधी आतले फवारा मारणारे फिरते पंखे हाताने एकदा गरकन फिरवा. कुठे अडकत असतील तर भांडी हलवा.

पंख्यांची छिद्रं बघा. जिरं, मोहरी, तीळ त्यात असे बसतात की मुद्दाम बसवल्यासारखे. छिद्र बुजलं की फवारा तिरका जातो. खालचा पंखा बऱ्याच मशीनमध्ये वर ओढला की निघतो. अगरबत्तीच्या काडीने छिद्रं मोकळी करा, नळाखाली धरून हलवा. आत काही खुळखुळत असेल तर ते निघेपर्यंत सोडू नका. पंख्याच्या कडेला, जोडावर, चीर गेली असेल तर ती चिकटवत बसू नका, पंखा नवा घ्या.

आता दाराचं रबर. ते साधारणपणे आतल्या डब्याच्या डाव्या, वरच्या आणि उजव्या कडेने खाचेत बसवलेलं असतं, आणि दाराच्या तळाशी वेगळी पट्टी असते. लोक वरचं रबर चकचकीत करतात आणि खालची पट्टी विसरतात. गळती बहुधा तिथूनच होते, त्यातही दोन कोपऱ्यांतून. आपल्या जड पाण्याचा पांढरा थर आणि शेंगदाण्याच्या कुटाचं तेल मिळून तिथे एक चिवट लेप तयार होतो. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टूथब्रशने कोपरे घासा, घड्या उलगडून आत घासा. मग दहाची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. ठिकठिकाणी असं करत चला. जिथे नोट अडखळत नाही, सुळकन निघते, तिथे रबर दबलंय.

रबर बदलायचं तर आपल्या मॉडेलचंच मागवा. जुनं खाचेतून ओढून काढा, खाच पुसून कोरडी करा. नवं तासभर उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवलं की मऊ पडतं. वरच्या कडेच्या बरोबर मध्यापासून बसवायला सुरुवात करा, अंगठ्याने दाबत दोन्ही बाजूंनी खाली या. ओढून ताणू नका. ताणलेलं रबर आठवड्यात आखडतं आणि टोकाला फट पडते. ग्रीस, खोबरेल, गाडीचं ऑइल काही लावू नका.

रबर नवं असूनही दारातून येत असेल तर मशीन पुढे झुकलंय का बघा, तो उतार आठवा! ताटात पाणी घेऊन उघड्या दाराच्या आतल्या कडेवर ठेवलं तरी कळतं. पुढचे पाय पान्याने थोडे बाहेर काढून मशीन सपाट करा. मागचा पाय बऱ्याच मॉडेलांत पुढूनच, खाली मध्यभागी असलेल्या स्क्रूने वरखाली होतो.

एवढं सगळं करूनही धुतानाच मशीनच्या पोटाखालून पाणी येत असेल, रंगीत येत असेल, तर पंपाचं सील किंवा तळाच्या खोलगट भागाचं रबर गेलेलं असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी मशीन आडवं करून खालून उघडावं लागतं. पहिल्याच खेपेला हे अंगावर घेऊ नये असं माझं मत. मी स्वतः घेतलेलं नाही.

बाहेर फेकतानाची गळती

ड्रेनचा नालीदार पाइप पूर्ण लांबी हाताने चाचपून बघा, खालची बाजूही. आमच्या मेहुण्यांच्या परभणीच्या घरी गळती होती ती उंदराची कृपा. शेतं कापून झाली की उंदीर घरांकडे वळतात, आणि खरकट्याचा वास लागलेला पाइप त्यांना आवडतो. कुरतडलेल्या पाइपावर टेप टिकत नाही, पाइपच बदला. दोन्ही टोकांना होस क्लिप नीट आवळा. पाइप आधी वर, साधारण ओट्याच्या खालच्या उंचीपर्यंत न्या आणि मग बेसिनच्या जोडाकडे उतरवा. तो जमिनीवरच लोळत मोरीत सोडला तर पाणी उलटही येतं.

आणि बेसिनखालचा ट्रॅप तुंबलाय का ते तपासा. बादलीभर पाणी बेसिनमध्ये एकदम ओता. खालून पाणी आलं तर डिशवॉशर निर्दोष आहे, चहाचा चोथा काढा.

बंद असताना

कॉक चालू, मशीन बंद, दार उघडं. रात्रभर असं ठेवा. सकाळी तळाचं पाणी वाढलेलं दिसलं तर इनलेट व्हॉल्व्ह मिटत नाही, बहुधा गाळाचा कण बसलाय. जाळी साफ करून बघा, नाहीतर व्हॉल्व्ह बदलून घ्या. तोवर प्रत्येक फेरीनंतर कॉक बंद.

मशीन नुसतं घुरघुरतं आणि चालत नाही

बऱ्याच मशीनच्या तळाशी एक ट्रे आणि त्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा असतो. ट्रेमध्ये पाणी साचलं की तो वर येतो, स्विच दाबला जातो आणि मशीन धुणं सोडून फक्त पाणी बाहेर फेकत राहतं. बॉशच्या मशीनवर अशा वेळी ई१५ दिसतं. लोक इथे घाबरतात. प्लग काढा, कॉक बंद करा, होस सोडा, मशीन बाहेर ओढा. दोघांनी मिळून ते सावकाश पुढे कलतं करा, खाली जुनी चादर टाका. पाणी निथळलं की मशीनच्या पुढच्या बाजूची, दाराखालची पट्टी काढून स्पंजने उरलेलं टिपा आणि दिवसभर वाळू द्या. आपल्या मे महिन्यात दोन तास पुरतील, तरी दिवसभर द्या. मशीन पुन्हा चालेल, पण ट्रेमध्ये पाणी आलं कुठून ते शोधल्याशिवाय गप्प बसू नका. पेपर आणि घड्याळाचा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

जड पाण्याबद्दल दोनच गोष्टी. मशीनमध्ये मीठ भरायचा कप्पा असतो तो रिकामा ठेवू नका आणि पाण्याचा जडपणा सेटिंगमध्ये आपल्या बोरप्रमाणे वर ठेवा, नाहीतर रबर, व्हॉल्व्ह, पंख्यांची छिद्रं सगळ्यांवर थर चढत राहील. खडबडीत डिशवॉशर मीठच घाला, घरचं बारीक आयोडीनचं नको. आणि मीठ फेरी लावायच्या अगदी आधी भरा, सांडलेलं मीठ रात्रभर राहिलं तर स्टीललाही खातं.

सुट्या सामानाला कंपनीचीच वाट बघायला हवी असं नाही. वायसर, क्लिप, टेफलॉन गंजगोलाईजवळच्या कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतं. डिशवॉशरचा वायसर मागितला तर दुकानदार नाही म्हणेल. मलाही म्हणाला. मग खिशातून जुना काढून दाखवला. "हे होय! हे तर वॉशिंग मशीनचं पाऊण इंची. किती देऊ?" दोन घेतले. एक बसवला, एक मशीनच्या बाजूला दोऱ्याने बांधून ठेवलाय.